परदेशी जाण्याआधी ओळखीच्या चार ओळी

जयनगर चौथ्या ब्लॉकहून बोलतोय. आज सरहद्दीच्या गोष्टी नाहीत, पेन्शनही नाही.

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहतं. त्यांची मुलगी जन्मतः बहिरी. इथेच बी.कॉम. झाली, आता ऑगस्टमध्ये अमेरिकेला चाललीय, पुढच्या शिक्षणासाठी. होणाऱ्या रूममेटला आणि विभागाला तिला आपली ओळख लिहून पाठवायची होती. त्यावरून घरात आठवडाभर धुसफूस.

वहिनींचं म्हणणं, ऐकू येत नाही हे आत्ताच कशाला? आधी पोचू दे, मग सांगता येईल. आईचा जीव तो. पोरगी म्हणे, पहिल्याच ओळीत लिहिणार. दोघी माझ्याकडे आल्या. आमचं बोलणं समोरासमोर बसूनही व्हॉट्सअ‍ॅपवरच चालतं. तिने टाइप केलं, "काका, तुम्हीच सांगा आईला."

मी मुलीच्या बाजूचा. अमेरिकेत १९९० चा अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे. विद्यापीठाला दुभाषी द्यावा लागतो, नाहीतर वर्गातलं बोलणं लगेच पडद्यावर अक्षरांत उमटवण्याची सोय करावी लागते. पण कॉलेजात कोणी तुम्हाला शोधत येत नाही. विद्यार्थ्याने स्वतः सांगायचं, स्वतः मागायचं, कागद दाखवायचे. वसतिगृहात आगीची सूचना दिव्याने लुकलुकणारी हवी, तर तेही मागून घ्यायचं. लपवलं तर यातलं काहीच मिळणार नाही.

आता खरी मेख. तिने लिहिलं होतं, "मी खुणांची भाषा वापरते." मी म्हटलं, कुठली ते लिही. पुष्कळांना वाटतं ही भाषा जगभर एकच. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरं दोन हातांनी दाखवतात, ब्रिटिशांसारखी. अमेरिकेत एका हाताने, कारण त्यांची भाषा फ्रेंच वळणाची. लॉरें क्लेर्क नावाचा बहिरा शिक्षक फ्रान्सहून तिथे गेला आणि १८१७ साली हार्टफर्डला शाळा निघाली, तेव्हापासून. नुसतं "खुणांची भाषा" लिहिलं की विद्यापीठ अमेरिकन खुणांचा दुभाषी उभा करणार, आणि हिला काही कळणार नाही. वायरलेसचे दोन्ही सेट चालू, पण फ्रिक्वेन्सी वेगळी! म्हणून तिने लिहिलं: भारतीय सांकेतिक भाषा येते, अमेरिकन शिकतेय, तोवर पडद्यावर अक्षरं द्या.

"ओठ वाचते" हेही जपून लिहायला सांगितलं. आरशासमोर आवाज न काढता पान, भान, मान म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. त्यात परक्या देशाचे उच्चार, वर प्रोफेसर फळ्याकडे तोंड करून बोलणार.

वहिनींनी विचारलं, असं कोणी गेलंय का आधी? गेलंय तर. मदन वसिष्ठ. हिमाचलच्या खेड्यातला मुलगा, अकराव्या वर्षी ऐकणं गेलं, दिल्लीत फोटोग्राफी केली आणि १९६७ साली वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात दाखल झाला. ते विद्यापीठच बहिऱ्यांसाठी. १८६४ साली पदव्या देण्याचा अधिकार त्याला लिंकनच्या सहीने मिळाला. आपल्या बंगळुरूच्या सारा सनी तर वकील. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दुभाष्याच्या मदतीने त्या उभ्या राहिल्या, तेव्हा सरन्यायाधीश होते आपले चंद्रचूड. वहिनी त्यावर काही बोलल्या नाहीत, पण चहा आणला.

"मूकबधिर" हा शब्द मात्र मी खोडायला लावला. मूक कसली? ही पोरगी दोन हातांनी इतकी बडबडते की माझेच डोळे दमतात. आणि "गैरसोयीबद्दल क्षमस्व" हे तिने स्वतःच काढलं.

बाकी ओळखीत तिने बुद्धिबळ, मांजरं आणि आपल्याला कांदेपोहे करता येतात हे लिहिलं. रूममेटसाठी एक ओळ: रात्री हाक मारू नकोस, दिवा दोनदा उघडझाप कर.

तिचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. विचारते, गजर कसा लावतेस? उशीखाली थरथरणारं घड्याळ मिळतं. वहिनींनी बॅगेत दोन टाकलीत.