कथिलाच्या वाळूवरचा भाजीपाला



गोव्यातल्या खाणींबद्दल ऐकायला बरेच जण आला असाल. तिकडे येईनच, पण आधी मलेशियाला जाऊन येऊ. खाणीने ओसाड केलेल्या जमिनीवर भाजी पिकवण्याचा जुना अनुभव तिथल्या भाजीवाल्यांच्या गाठीशी आहे, आणि तो त्यांना कुठल्या कृषी विद्यापीठाने शिकवलेला नाही.

पेराक राज्यात इपोह शहराभोवती किंता नदीचे खोरे आहे. एकेकाळी जगातल्या संपन्न कथिल-क्षेत्रांत त्याची गणना होई. तिथले कथिल मुख्यतः नदीच्या गाळात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने दरड फोडायची आणि झालेला रबडा पंपाने उचलून उंच लाकडी पन्हळीवर सोडायचा. या पन्हळीला तिकडे पालोंग म्हणतात. कथिलाचे खनिज वाळूच्या जवळजवळ अडीचपट जड. ते पन्हळीतल्या आडव्या फळ्यांपाशी बसते, बाकीचे वाहून जाते. जाड वाळू जवळच पडते. चिकणमाती मात्र पाण्याबरोबर लांब जाऊन खड्ड्यात साचते. सुपात धान्य पाखडावे तशी सगळी जमीन पाखडली जाते.

आता शेतजमीन म्हणजे काय? वाळू, पोयटा, चिकणमाती आणि कुजलेला पालापाचोळा यांची मिसळ. खाणीने ती मिसळच मोडली. एकीकडे पांढऱ्या वाळूचे माळ, ज्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक नुसती वाळू. दुसरीकडे निचरा नसलेला चिखल. कस गेला म्हणून आपण हळहळतो, पण त्याआधी गेला तो जमिनीचा पोत. भर दुपारी त्या वाळूवर अनवाणी पाय ठेववत नाही, तिथे कोवळ्या मुळांची काय कथा!

अशा वाळूत युरिया टाकला तर काय होते ते पाहा. युरियाचे आधी अमोनियम होते. त्याच्यावर धन विद्युतभार असतो आणि त्याला धरून ठेवणारा ऋणभार असतो चिकणमातीच्या व कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांच्या कणांवर. वाळूकडे तो नसल्यातच जमा. पुढे अमोनियमचे नायट्रेट झाले की ते पाण्याबरोबर सरळ खाली उतरते. किंता खोऱ्यात कोरडा महिना असा नाहीच. पैसे शेतकऱ्याचे, खत शेजारच्या तळ्यातल्या शेवाळाला!

म्हणून तिथला चिनी भाजीवाला खताच्या पोत्याआधी कोंबडखताकडे वळतो. ताजे खत मुळे जाळते, अमोनियाने डोळे चुरचुरतात, माशा घोंगावतात. ते मुरवूनच घालावे लागते. वाफे उंच करायचे, त्यांत मुरलेले खत कालवायचे, जवळ चिखलाचा खड्डा असेल तर त्यातली चिकणमाती आणून वाळूत मिसळायची, वर गवताचे आच्छादन पसरायचे. खाणीने जे निवडून वेगळे केले ते हा माणूस पुन्हा कालवतो. मग मिश्रखत द्यायचे तेही चिमूट-चिमूट, थोड्या-थोड्या दिवसांनी. पाणी खाणीच्या तळ्यातून. त्याच तळ्यांत मासे आणि बदकेही पाळतात. महिनाभरात पालेभाजी बाजारात जाते. इतके करून काम संपत नाही, कारण उष्ण-दमट हवेत सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजून उडून जातो. पुढच्या पिकाला पुन्हा खत घालावेच लागते.

आपल्याकडे सेंद्रिय की रासायनिक असा वाद घालायला हौशी माणसे पुष्कळ. या वाळूवर तो वाद पोरकट वाटतो. नुसते शेणखत-कोंबडखत घालून बाजारजोगी कोबी काढायला गाड्याच्या गाड्या लागतील. नुसते सुफलासारखे मिश्रखत घातले तर वाहून जाईल. एकाने धरून ठेवायचे, दुसऱ्याने खाऊ घालायचे.

वाळूवर भाजी पिकवायचा हा उद्योग फोफावला तो भुकेपोटी. डिसेंबर १९४१मध्ये जपान्यांनी मलायावर, म्हणजे आजच्या द्वीपकल्पीय मलेशियावर, स्वारी केली. खाणकामाचा कणा मोडला, तांदूळ मिळेना आणि मजुरांनी टॅपिओका, रताळी, भाज्या लावल्या, काहींनी खाणींच्या कडेच्या जमिनीवर. गंमत पाहा, मलायाचे कथिल हातचे गेले म्हणून ब्रिटिशांनी नायजेरियातल्या जोस पठारावर सुमारे एक लाख माणसे सक्तीने खाणींवर जुंपली. पुढे त्याही जमिनीवर लोकांनी कोरड्या हंगामात टोमॅटो, कोबी, बटाटा पिकवला. खाणतळ्यांचे पाणी छोट्या पंपांनी उपसले. शेणखत, कोंबडखत, रासायनिक खत आणि शहरातल्या कचऱ्याची राख एकत्र वापरली. राखेने आम्लता उतरते, पालाश मिळते. पण शहरी कचऱ्यात बॅटरीपासून काय वाट्टेल ते असते, आणि शिसे पालेभाजीत उतरू शकते. कथिलाच्या खनिजासोबत आर्सेनिकही येऊ शकते. तेव्हा माती तपासल्याशिवाय पालक लावू नये, हे मी कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे.

आता गोवा. इथल्या डंपांना, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगांना, किंताची कृती जशीच्या तशी लावू नका. आपला डंप वाळूचा नाही, लोहयुक्त जांभ्याचा आणि मुरमाचा आहे. इथे लोहाचे ऑक्साइड स्फुरदाला पकडून बसतात, सुपर फॉस्फेट घालूनही पीक उपाशी राहते. ते शेणखतात मिसळून, मुळापाशी दिले तर बरेचसे हाती लागते. उतारावर भाजीच्या नादी लागू नये, तिथे झाडेच हवीत, नाहीतर पहिल्या पावसात सगळे खालच्या भातशेतीत. डिचोली-सांग्यातल्या शेतकऱ्यांनी तो गाळ पुरेसा पाहिला आहे. भाजी घ्यायची तर सपाट केलेल्या टप्प्यांवर, चर खणून, पाणी अडवून.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. मलेशियात अशा कित्येक जमिनी वर्षा-वर्षाच्या तात्पुरत्या परवान्यावर कसल्या गेल्या. कोंबडखताची मेहनत शेतकऱ्याची, जमीन मात्र उद्या घरबांधणीला जाऊ शकते. आपल्याकडे एखादा डंप बचतगटाला भाजीसाठी द्यायचा विचार कुणी करत असेल, तर भाडेपट्टा निदान दहा वर्षांचा करावा. अकरा महिन्यांच्या करारावर कोणती बाई शेणखताची गाडी विकत आणून दुसऱ्याच्या मुरमात ओतेल? ती फक्त युरियाच टाकणार, आणि तिचे गणित बरोबरच असणार.