काकू मीटिंगला का येईनात?

आज हिशेबाचं नाही, जरा मनाचं बोलू.

आमच्या बचत गटातल्या एक काकू सलग दोन महिने मीटिंगला आल्या नाहीत. कर्जाचे दोन हप्ते थकले. आम्ही सतरंजीवर बसल्या बसल्या निकाल लावून टाकला. "पैसे असून देत नाहीत." "नातवाच्या बारशाला बरे होते पैसे!" दंड लावायचं ठरलं.

तेवढ्यात आमच्यातलीच एक म्हणाली, "मागच्या वर्षी माझा हप्ता चुकला, तेव्हा मी अध्यक्षताईंचं घर टाळून मागच्या बोळानं जायचे. लाज वाटायची." सगळ्या गप्प झालो. मग दुसरीनं कबूल केलं, तिसरीनं केलं. आपल्याच मनात डोकावलं आणि काकूंवरचा राग निवळला. दंड राहू दे, मुदत वाढवू, असं सांगायला आम्ही तिघी त्यांच्या घरी गेलो.

काकूंनी डब्यातून दोन्ही हप्ते काढून समोर ठेवले. म्हणाल्या, "पैशाचं काही नाही गं. त्या दिवशी सही करताना माझं अक्षर चुकलं, तर तुम्ही सगळ्या हसलात. परत त्या रजिस्टरापुढं बसायचा धीर होईना."

आम्हाला ते हसणं आठवतही नव्हतं!

मैत्रिणींनो, १९८३ साली विमर आणि पर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगितली. माक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर माक्सी कुठं शोधेल? अगदी लहान मुलांनी दुसरं कपाट दाखवलं. आपल्याला जे माहीत आहे, ते माक्सीला माहीत नाही, हे त्यांच्या ध्यानात येईना. वय वाढलं तशी मुलं बरोबर सांगू लागली.

मोठेपणीही आपली ही खोड पुरती जात नाही. आपल्या मनात जे आहे, तेच समोरचीच्या मनात आहे असं धरून चालतो. आम्ही आधी रागानं अंदाज केला, मग मायेनं केला. दोन्ही चुकले. तरी स्वतःकडे पाहिलं ते वाया गेलं नाही. त्यामुळंच दंडाची पावती न धाडता आम्ही काकूंच्या दारात गेलो. आतली गोष्ट मात्र त्यांनीच सांगितली, तेव्हा कळली.

आता कुणी आली नाही, तर आम्ही आधी तीन गोष्टी करतो. माझ्यावर अशी वेळ आली होती का, हे आठवतो. माझ्या बोलण्या-वागण्यानं तिला काही लागलं का, हे तपासतो. आणि मग तिलाच विचारतो. चारचौघींत नाही, एकटीला. ती बोलत असताना मध्ये तोंड घालत नाही.

काकूंची आम्ही माफी मागितली. पुढच्या मीटिंगला त्या आल्या. सावकाश, एकेक अक्षर लावत त्यांनी सही केली. आम्ही थांबलो. कुणी हसलं नाही.

तुमच्याही गटात कुणी येईनाशी झाली असेल. या आठवड्यात तिच्या घरी जाऊन या.