अंधारातली ट्रॉली



गळीत हंगाम सुरू झाला, की आपला रस्ता रात्रीही जागा असतो. ट्रॅक्टरला एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेल्या. वर उसाच्या मोळ्यांचा डोंगर. उसाची टोके मागे लोंबतात आणि मागचा लाल दिवा झाकून टाकतात. दिवा असला तर! पुष्कळदा तो नसतोच.

आता मागून मोटारसायकल येते. वेग ताशी 60 किलोमीटर. म्हणजे एका सेकंदात ती 50 फुटांहून पुढे जाते. तेवढ्यात समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर येतो. ट्रॉली दिसेपर्यंत ब्रेक दाबायलाही वेळ उरत नाही. 2022 साली आपल्या देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत शंभरातली 44 दुचाकीवरची होती.

सरकारचा नियम आहे. गाडीच्या मागे लाल दिवा हवा, लाल रिफ्लेक्टर हवा. रिफ्लेक्टर म्हणजे उजेड पडताच चकाकणारी पट्टी. तिला वीज लागत नाही, डिझेल लागत नाही. हंगामाच्या तोंडी कित्येक कारखान्यांवर सरकारी माणसे ती लावूनही देतात. पण चार खेपांत तिच्यावर चिखल बसतो. तो पुसायला मुंबईहून कोण येणार? ओल्या फडक्याचे काम ते! ऊस भरतानाही दिवा आणि पट्टी उघडी राहील असा भरावा. दोन मोळ्या कमी गेल्या तरी चालतील.

आणखी एक. "पोरगं झकास चालवतं," असे म्हणून काही जण पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती ट्रॅक्टर देतात. 2019 साली मोटारींचा कायदा बदलला. आता अशा मुलाकडून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. आम्हांला हा कायदा कडक वाटत नाही.

वाटेत ट्रॉली बंद पडली, की लोक भोवती दगड मांडतात. मग दुरुस्ती होते, ट्रॉली निघून जाते. दगड तिथेच! मागून येणाऱ्याने काय करावे? ड्रायव्हरदादा, चकाकणारा लाल त्रिकोण जवळ ठेवा. तो ट्रॉलीच्या मागे बराच लांब मांडा. आणि दगड मांडलेच असतील, तर ते एकूणएक रस्त्याबाहेर टाका, मगच ट्रॅक्टर चालू करा.