चहाडी आणि तक्रार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



चिटणिसांचे पत्र आले त्यात विषयाचे बंधन नव्हते. "आपल्या व्यापारी मंडळींच्या उपयोगी पडेल असे काही बोला," एवढेच त्यांनी लिहिले होते. मी शाळामास्तर. व्यापारातले मला जे कळते ते महिनाअखेरीस वाण्याच्या वहीत दिसते तेवढेच. तथापि गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला अशा प्रकरणात ओढले की, त्यापायी मला बरेच वाचावे लागले आणि त्याहूनही अधिक विचार करावा लागला. तेच आज आपल्यापुढे मांडतो. संबंधितांची परवानगी मी घेतली आहे. नावे मात्र सांगणार नाही, आणि ओळखणाऱ्यांनी ओळखलीच तर त्याला माझा इलाज नाही.

हा विद्यार्थी बेळगावात कुंदा करून विकतो. दूध आटवून केलेल्या या मिठाईचे कौतुक बेळगावकरांपुढे मी काय करावे? त्याच्या वडिलांच्या वेळी गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीशी येत असे. आता पुण्याचा, मुंबईचा, बंगळूरचा माणूस मोबाईलवर 'बेळगावचा कुंदा' अशी अक्षरे लिहितो, वर जे पहिले नाव येईल तेथे पैसे भरतो आणि कुंदा पार्सलने घरी मागवितो. दिवाळीच्या आणि ईदच्या सुमारास तर अर्धा धंदा याच वाटेने होतो, असे तो म्हणतो. आणि या वाटेवर त्याच्याच गल्लीतला दुसरा एक दुकानदार काही महिन्यांपासून त्याच्या वर जाऊन बसला होता.

"सर, त्याने लिंका विकत घेतल्यात. गूगलकडे तक्रार करायची आहे. तुम्ही इंग्रजीतून लिहून द्या. जरा कडक पाहिजे."

खरे सांगावयाचे तर माझ्या मनात पहिला शब्द उमटला तो 'चहाडी'. वीस वर्षे मी वर्गात उभा आहे. "सर, हा बघून लिहितोय", "सर, ह्याने माझी पेन्सिल घेतली" हे दिवसातून दहा वेळा कानी पडते, आणि तक्रार घेऊन येणाऱ्या मुलाकडे आपण मास्तर मंडळी थोड्या तिरस्कारानेच पाहतो. त्यालाही मी तसेच काहीसे बोललो. तो म्हणाला, "सर, परीक्षेत एकजण बघून लिहितो तेव्हा नुकसान न बघणाऱ्याचे होते, हे तुम्हीच आम्हांला सांगितलेत." आपले वाक्य आपल्यावरच उलटले म्हणजे शिक्षकाला विचार करावाच लागतो.

आधी हा लिंकांचा, म्हणजे दुव्यांचा, प्रकार काय आहे ते सांगतो. १९९८ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघा विद्यार्थ्यांनी गूगल हे शोधयंत्र उभे केले. त्यांची मूळ कल्पना विद्वानांच्या ग्रंथव्यवहारातली होती. ज्या निबंधाचा उल्लेख इतर अनेक निबंधांत होतो तो महत्त्वाचा, आणि उल्लेख करणारा स्वतः जितका मोठा तितके त्या उल्लेखाचे वजन अधिक. त्याचप्रमाणे एका संकेतस्थळाने दुसऱ्याकडे बोट दाखविले, दुवा दिला, की ती एक शिफारस धरावयाची. कल्पना सुरेख होती. परंतु शिफारशीला वजन आहे हे कळताच शिफारशींचा बाजार भरला. मुख्याध्यापकाच्या दाखल्यावर नोकरी मिळते असे ठरले की, दाखले विकणारे मुख्याध्यापक निघावयाचेच.

येथे एक खुलासा केला पाहिजे. पैसे देऊन जाहिरात करणे हा दोष नव्हे. आपल्या या स्मरणिकेतही जाहिराती आहेत, आणि त्या नसत्या तर छपाईचे बिल भागले नसते. परंतु त्या जाहिराती म्हणून छापल्या आहेत. कोणी पैसे देऊन अध्यक्षांच्या मनोगतात आपल्या दुकानाची स्तुती घुसवली असती तर? गूगलचा नियम याच धर्तीचा आहे. दुवा विकत घ्या, पण त्यावर यंत्राला वाचता येईल अशी खूण करा, म्हणजे तो शिफारशीत मोजला जाणार नाही. अशी पहिली खूण २००५ साली आली. २०१९ मध्ये पैशाच्या दुव्यांसाठी निराळी खूण ठरली. खूण न करता विकतचा दुवा खरा म्हणून चालविणे, ही लबाडी.

या लबाडीची सर्वांत गाजलेली हकीकत जे. सी. पेनी या अमेरिकन दुकानसाखळीची आहे. २०१० च्या नाताळच्या हंगामात 'कपडे', 'अंथरूण-पांघरूण', 'सतरंज्या', काहीही शोधा, पहिले नाव पेनीचेच. सॅमसोनाइट या प्रसिद्ध कंपनीच्या बॅगा शोधल्या तरी खुद्द त्या कंपनीच्या वर पेनी! 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या डेव्हिड सेगल या बातमीदाराने एका जाणकाराकडून तपास करविला. दोन हजारांहून अधिक पानांवर पेनीच्या दुकानाचे दुवे पेरलेले निघाले. कुत्र्यांविषयीच्या पानावर, घोरण्याविषयीच्या पानावर, दंतवैद्यांच्या पानावर, आणि अणुविज्ञानाच्या नावाखाली चाललेल्या एका पानावरही स्त्रियांच्या झग्यांचे दुवे! १२ फेब्रुवारी २०११ रोजी हे प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच वृत्तपत्राने गूगलला विचारले होते, आणि गूगलने हाताने कारवाई केली. १ फेब्रुवारीस ५९ शब्दांच्या शोधात पेनीचा सरासरी क्रमांक १.३ होता, १० तारखेस तो ५२ वर गेला. कंपनी म्हणाली, आम्हांला यातले काही ठाऊक नाही. आणि तिने हे काम पाहणाऱ्या सल्लागारांना काढून टाकले. मला यात विशेष वाटते ते हे की, त्या आधी तीन वेळा पेनीचे नियमभंग गूगलच्या ध्यानात आले होते; तरीही हा एवढा मोठा डोलारा बाहेरच्या माणसाने बोट दाखवीपर्यंत उभाच राहिला.

तेव्हा बोट दाखविणाऱ्याची गरज आहे, हे मान्य करावे लागते. गूगलमध्ये या लबाडीचा बंदोबस्त करणाऱ्या विभागाचे प्रमुख मॅट कट्स यांनी एप्रिल २००७ मध्ये विकतच्या दुव्यांची माहिती कळवा, असे जाहीर आवाहन केले. त्यावर पुष्कळ लोक चिडले. आम्हांला तुमचे खबरे बनविता काय, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल अगदीच गैर होता असे मी म्हणणार नाही. ज्याचे यंत्र त्यानेच ते राखावे, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु जानेवारी २०१२ मध्ये उलट प्रसंग आला. गूगलच्या स्वतःच्या क्रोम ब्राउझरच्या प्रचारासाठी पैसे देऊन लेख लिहविले गेल्याचे बाहेरच्याच लोकांनी उघडकीस आणले, आणि गूगलला आपल्याच क्रोमचे पान ६० दिवस खाली ढकलावे लागले. परीक्षकाच्या मुलाची कॉपी वर्गातल्या पोराने दाखविली तेव्हा ती चहाडी, असे कोण म्हणेल?

ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१३ मध्ये फुले पोहोचविणारी इंटरफ्लोरा ही कंपनी अशीच अकरा दिवस शोधातून नाहीशी झाली. प्रांतोप्रांतीच्या वृत्तपत्रांत पैसे देऊन छापलेले लेख हे त्याचे कारण मानले गेले. त्यांचा मातृदिन पुढल्याच महिन्यात होता. फुलवाल्याची त्या दिवसांत काय अवस्था झाली असेल ते कुंदेवाल्याला विचारा!

हे सगळे वाचून मी माझ्या विद्यार्थ्याच्या बाजूचा झालो होतो. लेखणी उचलणार, एवढ्यात मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती सांगणे मला सुखाचे नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या गावी नोकरीस होतो. सहामाही परीक्षेत एका मुलाने उठून सांगितले, "सर, ह्याच्या बाकाखाली चिठ्ठी आहे." चिठ्ठी होती. मी त्या मुलाची उत्तरपत्रिका काढून घेतली, त्याला वर्गाबाहेर उभे केले आणि घरी चिठ्ठी धाडली. दोन दिवसांनी पेपर तपासताना हातात आलेल्या एका उत्तरपत्रिकेचे अक्षर मला ओळखीचे वाटले. ती चिठ्ठी तक्रार करणाऱ्यानेच लिहिली होती आणि त्यानेच ती तेथे टाकली होती. मी साऱ्या वर्गापुढे माझी चूक कबूल केली, त्याच्या घरी जाऊन वडिलांना भेटलो. परंतु पहिल्या बाकावर बसणारा तो मुलगा वर्ष संपेतो माझ्या तासाला शेवटच्या बाकावर जाऊन बसत असे. मी त्याला कधी पुढे बोलाविले नाही. धीर झाला नाही.

बाकाखालची चिठ्ठी कोणाची, हा प्रश्न दुव्यांच्या बाबतीत अगदी जसाच्या तसा आहे. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने 'पेंग्विन' नावाचा बदल करून वाईट दुवे असलेल्यांना खाली लोटण्यास आरंभ केला, तेव्हा काही लोकांच्या डोक्यात आले की आपल्यासाठी चांगले दुवे घेण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्यासाठी वाईट दुवे घेणे स्वस्त! त्याच वर्षी ऑक्टोबरात गूगलला एक साधन द्यावे लागले, ज्यायोगे दुकानदार 'हे दुवे माझे नव्हेत, मोजू नका' असे कळवू शकतो. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन असे दुवे पाहून शिक्षा करण्यापेक्षा ते मोजीतच नाही. म्हणजे गूगललाही कळून चुकले की, दुवा दिसतो, पण पैसे कोणी मोजले ते बाहेरून दिसत नाही.

मी विद्यार्थ्याला विचारले, "हे दुवे त्यानेच घेतले हे तुला कसे कळले?"

"सर, असे दुवे आपोआप कोण देणार? मोटारीच्या टायरांच्या पानावर कुंदा!"

"त्याला खड्ड्यात घालण्यासाठी तू ते घेतले असतेस तर ते निराळे दिसले असते काय?"

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "तसे करणारेही आहेत, सर. पण हे त्या एजंटाचेच काम आहे. त्याची पाने मला पाठ आहेत."

"ती का?"

यावर जी शांतता पसरली ती प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीची असते. शेवटी त्याने सांगितले. तीन वर्षांपूर्वी त्याने स्वतः त्याच एजंटाकडून शंभर दुव्यांचे 'पॅकेज' घेतले होते. आम्ही दोघांनी मिळून ते टायरांचे पान उघडले. रबराच्या झिजेविषयी चार परिच्छेद होते, आणि शेवटी एकाखाली एक दोन्ही दुकानांची नावे, जणू एकाच पाटावर जेवावयास बसली आहेत. मला हसू आवरेना. त्याला मात्र हसू आले नाही.

पुढे आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो. त्याने आपले दुवे काढून टाकण्यासाठी पानोपानी पत्रे लिहिली. काहींनी काढले, काहींनी उत्तर दिले नाही, आणि काहींनी दुवा काढण्याचे निराळे पैसे मागितले! उरलेल्यांची यादी त्याने गूगलच्या त्या साधनाने कळविली. बहुतेकांना त्या साधनाची गरज पडत नाही असे गूगल सांगते. परंतु ज्याने स्वतः विकत घेतले त्याने स्वस्थ बसू नये, असे मला वाटले. मग मी तक्रारीचा मजकूर लिहिला. त्यात 'लबाड', 'चोर' हे त्याने सुचविलेले शब्द घेतले नाहीत. एजंटाचे दरपत्रक आणि पानांचे पत्ते दिले, आणि या पानांवर आमचाही दुवा होता, तो आम्ही पैसे देऊन घेतला होता, हे पहिल्याच वाक्यात लिहिले. तक्रार दुवे विकणाऱ्यांविरुद्ध होती. शेजाऱ्याचे नाव घातले नाही. पाने उघडणाऱ्याला ते दिसणारच होते. पण पैसे त्याने दिले असे लिहिण्याइतके आम्हांला ठाऊक नव्हते.

यावर तो माझ्याशी बराच भांडला. त्याहून अधिक भांडला ते माझ्या दुसऱ्या अटीवर: मजकूर धाडण्यापूर्वी शेजाऱ्याला जाऊन सांगावयाचे. "चोराला सांगून फिर्याद द्यायची, सर?" मी म्हटले, "पेनी कंपनी तुझ्या गल्लीत राहत नाही. हा राहतो." आठ दिवस तो आला नाही. नवव्या दिवशी येऊन म्हणाला, "जाऊन आलो." शेजाऱ्याला दुवा म्हणजे काय हेच नीट ठाऊक नव्हते. पुतण्याने कोणाला तरी 'प्रसिद्धी'चे पैसे दिले होते, एवढे त्याला माहीत होते. खरे असेल, खोटे असेल. पेनीनेही तेच सांगितले होते. पण महिन्याभरात टायरांच्या पानावरून दोन्ही नावे गेली.

तक्रारीला उत्तर आले नाही. ते येतही नाही. अशा तक्रारींचा उपयोग मुख्यतः लबाडी ओळखणारे यंत्र सुधारण्याकडे होतो, एकेका तक्रारीवर हाताने कारवाई क्वचितच होते, असे गूगलने २०२० साली सांगितलेच होते. माझा विद्यार्थी दोन महिने रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी शोध घेऊन पाहत असे. मग त्याने ते सोडले.

परवा या भाषणाची तयारी करताना मीच मोबाईलवर 'बेळगावचा कुंदा' लिहून पाहिले. पहिल्या जागी या दोघांपैकी कोणीच नव्हते. पुण्यातले कोणते तरी दुकान होते. मी विद्यार्थ्याला फोन केला. तो एकदम म्हणाला, "सर, त्याने लिंका घेतल्या असतील काय?"

मी म्हटले, "आधी अर्धा किलो मागवून चाखून तर बघ."

दोघांनी मिळून मागविला आहे. पार्सल अजून आलेले नाही.