भीड आणि अभिप्राय



या व्यासपीठावरून आपण मोठमोठ्या विषयांवरील व्याख्याने ऐकत आला आहात. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदी लहान, दुकानदारीचाच म्हणावा असा आहे. घरे व जमिनी यांच्या व्यवहारांत मध्यस्थी करणाऱ्या दलालांसाठी आम्ही तिघांनी मिळून एक संकेतस्थळ उभारले. त्याविषयी लोकांचे मत आम्ही कसे विचारले, त्यात कोठे चुकलो आणि त्यातून काय शिकलो, एवढेच आज सांगावयाचे आहे. परंतु ज्याला काही तयार करून चार लोकांपुढे ठेवावे लागते, मग ते लोणचे असो वा पाठ्यपुस्तक असो, त्याच्याही उपयोगी हे पडेल असे वाटते.

दलालाची डायरी आपण पाहिलेली आहे. कोणाचा फ्लॅट विकावयाचा आहे, मालकाची अपेक्षा किती, किल्ली कोणाकडे, हे सारे तीत असते. ही डायरी संकेतस्थळावर आणावी, दलालाने घराची नोंद एकदा करावी आणि गिऱ्हाईक आले की योग्य घरांची यादी त्याच्या फोनवर धाडावी, अशी आमची कल्पना. दीड वर्ष आम्ही तीवर खपलो. आमच्यापैकी एकाने भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम त्यात घातली होती, हेही सांगितले पाहिजे. त्याशिवाय पुढची चिंता समजणार नाही.

काम पुरे झाल्यावर चाळीस परिचितांना आम्ही पत्ता धाडला व खाली लिहिले, 'पाहून कसे वाटले ते कळवावे.' उत्तरे भराभर आली. 'छान आहे', 'अभिनंदन', 'आता मागे वळून पाहू नका'. कोणी अक्षर मोठे करा म्हणाले, कोणी रंग बदला म्हणाले. आम्ही खूष झालो. तीन महिन्यांनी हिशेब पाहिला तेव्हा दिसले ते असे : दलाल येत, आपले नाव नोंदवीत, आणि एकही घर न नोंदविता निघून जात.

भीड ही भिकेची बहीण, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याला भीड पडते तो भिकेला लागतो, असा तिचा अर्थ. येथे भीड पडली होती आमच्या स्नेह्यांना, आणि भिकेला लागण्याची पाळी आली होती आमच्यावर! पण दोष त्यांचा नव्हे, आमच्या प्रश्नाचा होता. लग्नाच्या पंगतीत यजमानाने 'जेवण कसे झाले?' असे विचारले, तर वरणात मीठ कमी होते म्हणून कोण सांगेल? ते कळावयाचे तर पाहुण्याचे तोंड न पाहता, पानात काय उरले ते पाहावे लागते.

म्हणून आमच्यापैकी एकजण एका वयस्क दलालांच्या कचेरीत जाऊन बसला. त्यांना म्हणाला, "काका, आज सकाळी आलेलं एखादं घर आमच्या इथं नोंदवून दाखवा. मी मधे बोलणार नाही. मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा." काकांनी फोन काढला. आम्ही सारी मांडणी मोठ्या पडद्यावर केलेली. त्यांच्या एका हातात स्कूटरची किल्ली आणि दुसऱ्या हातात तळव्याएवढा फोन. 'क्षेत्रफळ' या रकान्यापाशी ते थबकले. "कुठलं क्षेत्रफळ? चटईचं की सुपर बिल्ट-अपचं?" आमच्याजवळ रकाना एकच होता. स्थावर संपदा अधिनियम २०१६ साली झाला आणि त्यात चटई क्षेत्राची व्याख्या आली : बाहेरच्या भिंती, बाल्कनी व उघडी गच्ची वगळून, परंतु आतल्या भिंतींखालची जागा धरून. ती न कळता आम्ही दलालांची सोय करावयास निघालो होतो! नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक द्यावा लागतो, १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात क्यूआर कोडही द्यावा लागतो; त्यांनाही आमच्या पानावर जागा नव्हती.

पण खरी गोष्ट पुढेच होती. 'मालकाचा दूरध्वनी क्रमांक' हा रकाना भरल्यावाचून पुढे जाता येत नसे. काकांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "साहेब, मालकाचा नंबर इथं लिहून दिला, तर माझ्याजवळ काय उरलं?"

तीन महिन्यांचे कोडे त्या एका वाक्याने सुटले. तो क्रमांक हेच दलालाचे भांडवल. ते परक्याच्या तिजोरीत कोण ठेवील? आणि हेच काका आमच्या चाळिसांपैकी एक होते. त्यांनीही पूर्वी 'छान आहे' असेच कळविले होते!

पुढे वाचताना कळले की हा मार्ग नवा नाही. माणसाला काम देऊन मोठ्याने बोलावयास सांगावे, ही पद्धत संगणकाच्या कामात क्लेटन लुईस यांनी आयबीएम कंपनीत असताना १९८२ साली मांडली होती. जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिले की अशी पाच माणसे पाहिली तरी सुमारे ८५ टक्के दोष दिसून येतात. आणि पंधरा माणसे एकदम पाहण्यापेक्षा पाच पाहावीत, दुरुस्ती करावी, मग पुढची पाच पाहावीत. अर्थात ती माणसे त्या धंद्यातलीच हवीत.

आमच्या अनुभवाची भर एवढीच. 'तुम्ही हे वापराल का?' असे विचारू नये. 'मागच्या आठवड्यातला सौदा कसा जमला?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला सौजन्य उत्तर देते, दुसऱ्याला अनुभव. ऐकलेले शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत. मधे समर्थन करू नये. आम्ही तोंड उघडले की समोरचा मिटलाच. आणि प्रत्येक सूचना शिरसावंद्य मानू नये. रोगी दुखते कोठे ते अचूक सांगतो, औषध मात्र वैद्यानेच ठरवावयाचे असते. काका म्हणाले होते, तो रकानाच काढून टाका. आम्ही तो ठेवला, पण ऐच्छिक केला, आणि त्यात लिहिलेले लिहिणाऱ्यावाचून कोणालाही, आम्हांलासुद्धा, वाचता येणार नाही अशी व्यवस्था केली. मग काकांकडे परत जाऊन ते दाखविले. त्यांनी 'छान आहे' म्हटले नाही. चष्मा लावला, डायरी उघडली आणि एक घर नोंदविले. दुसरे नोंदविताना पुन्हा अडले, व आम्हांला चार गोष्टी सुनावल्या. त्या ऐकताना आम्हांला चाळीस अभिनंदनांनी झाला नव्हता इतका आनंद झाला.

बंधुभगिनींनो, आमच्या मित्राची रक्कम अद्याप पुरती वसूल झालेली नाही. पण दलाल आता परत येतात. भीड मोडण्याचे काम मत देणाऱ्यावर सोडून चालत नाही, ते मत मागणाऱ्यानेच करावयाचे असते. आजच्या या व्याख्यानाविषयीही आम्ही बाहेर दाराशी आपणांस 'कसे वाटले?' असे विचारणार नाही. कोणत्या वाक्याला आपण घड्याळाकडे पाहिलेत, एवढेच विचारू. ते भीड न ठेवता सांगावे, ही विनंती करून आपली रजा घेतो.