शस्त्रपूजन वर्षातून एकदा, शस्त्ररक्षण बाराही महिने



नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूरची ख्याती आपणा सर्वांना ठाऊक आहे. घरांना दारे नाहीत, दारांना कड्या नाहीत, कुलूप तर नाहीच, अशी त्या गावाची परंपरा. २०११ साली युको बँकेने तेथे शाखा उघडली, तेव्हा बिनकुलपाची बँक म्हणून तिची देशभर चर्चा झाली. ज्या जिल्ह्याने जगाला बिनकुलपाचे गाव दाखविले, त्याच जिल्ह्यात बंदुकीच्या तिजोरीविषयी बोलावे, हे काहींना विसंगत वाटेल. परंतु विषय नीट पाहिला, तर त्यात विसंगती नाही. शिंगणापूरच्या श्रद्धेत प्रश्न चोराचा आहे. बंदुकीच्या बाबतीत मात्र कुलूप केवळ चोरासाठी नसते. ते मुख्यतः आपल्याच घरातील माणसांसाठी असते.

पूर्वीचा अहमदनगर आणि २०२४ पासूनचा अहिल्यानगर हा जिल्हा सैनिकांचा आहे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे. लष्करातून निवृत्त झालेला जवान गावी परततो आणि बँकेत किंवा साखर कारखान्यावर सुरक्षारक्षक म्हणून उभा राहतो. अशा नोकरीसाठी अनेकदा स्वतःची परवानाधारक बारा बोअरची बंदूक लागते. दुसरीकडे शेतातल्या वस्त्या. मळ्यात एकटे घर, आजूबाजूला ऊस आणि रात्री पाणी धरायला जाणारा शेतकरी. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. शेती आणि वस्ती असलेल्या त्या भागात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ बिबटे असल्याचे त्यात दिसून आले. तेव्हा घरात बंदूक असावी, असे एखाद्याला वाटले तर त्यात नवल नाही. मात्र बिबट्या हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित प्राणी आहे. प्रत्यक्ष जिवावर बेतले असता सद्भावनेने केलेला स्वसंरक्षणाचा प्रतिकार वगळता त्याच्यावर गोळी झाडणे हा गंभीर गुन्हा ठरतो, याचा विसर पडता कामा नये.

लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ साली शस्त्र कायदा आला. त्याने भारतीय माणसाला स्वतःच्याच देशात निःशस्त्र केले आणि युरोपियनांना मात्र मोकळीक ठेवली. त्या अपमानाची सल पुढच्या पिढ्यांच्या मनात होती. स्वतंत्र भारताने १९५९ साली स्वतःचा शस्त्र कायदा केला. त्यानुसार मिळणारा परवाना ही शासनाने नागरिकावर टाकलेली विश्वासाची ठेव आहे, आणि विश्वासाची ठेव उघड्यावर ठेवायची नसते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी तर अर्जदाराकडून शस्त्राचा सुरक्षित वापर आणि सुरक्षित साठवण यांविषयी हमीपत्र घेण्याची तरतूद केली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या ३ वरून २ वर आणली. त्याच दुरुस्तीने लग्नसमारंभात वा मिरवणुकीत हौसेने बार काढणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कारावासाची किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंडाची अथवा दोन्हींची शिक्षा ठेवली.

शस्त्र कसे सांभाळावे, हे आपल्याला परक्यांकडून शिकण्याची गरज नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील त्या ग्रंथात, किल्ल्यावरील दारूखान्याविषयी तपशीलवार सूचना आहेत. दारूखाना राहत्या घराजवळ नको. त्याभोवती दाट झाडांचे कुंपण हवे. दारू तळघरात ठेवावी आणि तिला ओल लागू देऊ नये. हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी स्वतः येऊन सर्व जिन्नस बाहेर काढावेत, त्यांस ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावेत. राखणीस माणसे असावीत. या सूचनांचा सारांश काढला, तर पाच गोष्टी हाती येतात. वेगळी जागा, कोरडी जागा, बंद जागा, एकच जबाबदार माणूस आणि ठरावीक काळाने तपासणी. तीनशे वर्षांनंतर घरातील बंदुकीच्या तिजोरीसाठी याहून वेगळे काही सांगायचे नाही.

आता प्रत्यक्ष घराकडे वळू. आपल्या मध्यमवर्गीय घरात ‘गोदरेज’ म्हणजे कपाट, इतके ते नाव रूढ झाले आहे. १८९७ साली मुंबईत अर्देशर गोदरेज यांनी कुलपांचा उद्योग सुरू केला आणि पुढे १९०२ पासून तिजोऱ्या घडविल्या. तेव्हापासून मौल्यवान वस्तू म्हणजे लोखंडी कपाट हे समीकरणच झाले. बंदूकही त्यातच, शालू आणि पैठणीच्या मागे उभी केली जाते. येथेच पहिली चूक होते. ते कपाट दिवसातून दहा वेळा उघडते. त्याची किल्ली कधी गृहिणीच्या कमरेला, कधी उशीखाली, तर कधी देवघरातील तसबिरीमागे असते आणि ती जागा घरातील सहा वर्षांच्या नातवालाही ठाऊक असते. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. म्हणून बंदुकीला स्वतंत्र तिजोरी हवी आणि तिची किल्ली परवानाधारकापाशीच हवी.

तिजोरी विकत घेताना पहिले माप बंदुकीचे घ्यावे. बारा बोअरची दुनळी पूर्ण जोडलेल्या स्थितीत साधारण पावणेचार ते चार फूट भरते. त्यामुळे आतील उंची साडेचार फुटांच्या आसपास असावी. जागाच नसेल, तर नळी आणि दस्ता वेगळे करून ठेवता येतील अशी आखूड, परंतु भक्कम पेटीही चालते. काडतुसांसाठी आत वेगळ्या कुलपाचा कप्पा असावा, किंवा त्याहून उत्तम म्हणजे काडतुसे निराळ्याच ठिकाणी कुलूपबंद असावीत. दार उघडून बिजागऱ्या पाहाव्यात. बिजागरी कापली तरी दार निघू नये, यासाठी त्या बाजूलाही आत अडणारे दांडे हवेत. आकड्यांचे कुलूप घेतल्यास कारखान्यातून आलेला क्रमांक पहिल्याच दिवशी बदलावा आणि तो मुलांच्या जन्मतारखेचा ठेवू नये. किल्लीचे कुलूप असल्यास दुसरी किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी.

यानंतर येतो वजनाचा प्रश्न. पाच फूट उंच आणि सोळा इंच रुंद-खोल अशी पेटी ३ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याची असेल, तर नुसत्या पत्र्याचेच वजन ६५ किलोंच्या घरात जाते. पत्रा ६ मिलिमीटरचा असेल, तर ते १३० किलोंपर्यंत पोहोचते. आगीपासून रक्षण करणारी तिजोरी याहून पुष्कळ जड असते. म्हणून टेम्पो दारात उभा राहण्यापूर्वीच दाराची चौकट, जिन्याची रुंदी आणि जिन्याचे वळण मोजून ठेवावे. अनेकांची तिजोरी वळणावरच अडते आणि मग गल्लीतील सारे लोक सल्ला द्यायला जमतात. आतील फळ्या आणि कप्पे काढून घ्यावेत, दार कुलूपबंद करून वर दोरखंड आवळावा. सपाट जमिनीवर लोखंडी नळ्यांवरून सरकवीत न्यावे आणि पहारीने उचलताना खाली लाकडी ठोकळा द्यावा. जिना चढताना ओझ्याच्या नेमके खाली कोणीही उभे राहू नये. पाठीवर विसंबून हे काम करणाऱ्या हमालाला घाई करू नये आणि मजुरीत घासाघीस करू नये. ती कशासाठी आहे, हे मात्र कोणालाही सांगण्याचे कारण नाही.

जागा ठरविताना घराचा प्रकार पाहावा. नगर, पाथर्डी, शेवगाव या भागांतील जुन्या वाड्यांच्या भिंती दगडमातीच्या असतात. त्यांत ठोकलेला बोल्ट हिसका बसताच माती घेऊन बाहेर येतो. अशा घरात तळमजल्यावर एका कोपऱ्यात काँक्रीटचा ओटा करून घ्यावा आणि तिजोरी त्यालाच जखडावी. वरचा मजला लाकडी पाटणीचा असेल, तर तेथे जड तिजोरी नेऊच नये. सिमेंटच्या घरातही सावधगिरी हवी. राहत्या घराची स्लॅब सर्वसाधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखलेली असते. म्हणून तिजोरी खोलीच्या मध्यभागी किंवा गॅलरीत न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवावी. दोन भिंतींचा कोपरा सर्वांत उत्तम, कारण तेथे पहार घालायला वाव राहत नाही. न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळावी. चारही बोल्ट तिजोरीच्या आतून जमिनीत जावेत. छिद्रे पाडण्यापूर्वी गवंड्याला विचारून विजेची व पाण्याची नळी कोठून गेली आहे, हे समजून घ्यावे. स्लॅब चार-पाच इंचांचीच असते, त्यामुळे छिद्राची खोलीही आधी ठरवावी.

पावसाळा हा बंदुकीचा दुसरा शत्रू. भंडारदरा-घाटघरकडील धुवाधार पाऊस आणि जामखेड-कर्जतकडील कोरडी हवा एकाच जिल्ह्यात आहेत. तेव्हा अकोल्याच्या माणसाने अधिक जागरूक असावे. कातडी म्यानात बंदूक घालून ती तशीच तिजोरीत ठेवण्याची सवय घातक आहे, कारण कातडे ओल धरून ठेवते. अग्निरोधक तिजोरीच्या अस्तरातूनही दमटपणा येऊ शकतो. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, नळीला तेलाचा पातळ हात द्यावा आणि महिन्यातून एकदा बंदूक बाहेर काढून पाहावी. अमात्यांच्या हवालदाराचे काम आता परवानाधारकाला करावयाचे आहे. प्रत्येक वेळी आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत, हे डोळ्यांनी पाहावे. ‘रिकामीच आहे’ हे गृहीत धरू नये.

इतका सारा व्याप कशासाठी? चोरी झाली तर पैसा जाईल, बंदूक जाईल आणि पोलीस ठाण्यात तत्काळ खबर द्यावी लागेल. ते नुकसान मोठेच आहे. पण त्याहून मोठे नुकसान दोन क्षणांत होते. एक क्षण बालकाच्या कुतूहलाचा. शिपायाचा खेळ खेळणाऱ्या मुलाला खरी आणि खोटी बंदूक यांतील भेद कळत नाही. दुसरा क्षण क्रोधाचा किंवा नैराश्याचा. बांधावरून भाऊबंदकीचे भांडण पेटते, कर्जाने खचलेला कर्ता पुरुष रात्री एकटा बसतो, परीक्षेत अपयश आलेला मुलगा कोणाशी बोलेनासा होतो. असा आवेग पुष्कळदा थोड्या वेळापुरताच असतो. त्या वेळी घातक साधन हाताशी नसणे, हा आत्महत्या टाळण्याचा एक परिणामकारक उपाय असल्याचे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. किल्ली शोधण्यात, कुलूप उघडण्यात, काडतुसे दुसऱ्या जागेहून आणण्यात जी मिनिटे जातात, त्या मिनिटांत आई हाक मारते, शेजारी दार ठोठावतो आणि माणूस भानावर येतो.

मात्र जो खचला आहे, त्याच्याच हाती किल्ली असेल, तर तिजोरी अपुरी पडते. तेव्हा कुटुंबाने संकोच करू नये. त्याला समजावून बंदूक काही काळ पोलीस ठाण्यात किंवा ठेवीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी. निवडणुकीच्या काळात अनेक परवानाधारक शस्त्र जमा करतातच, त्यात कोणाची अप्रतिष्ठा होत नाही. मनाचे दुखणे बोलून दाखविण्यासाठी शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे. परवानाधारकाच्या निधनानंतर बंदूक वारसांनी तशीच घरात ठेवणे बेकायदेशीर ठरते. ती जमा करून मगच रीतसर अर्ज करावयाचा असतो. ही माहिती घरातील वडीलधाऱ्यांना आणि गृहिणीला आधीच असली पाहिजे.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला आपण शस्त्रांना गंध-फुले वाहतो. त्या दिवशी बंदूक देव्हाऱ्यापुढे मांडताना ती उघडून, रिकामी करून मांडावी. काडतुसे पूजेत ठेवू नयेत. परवानाधारकाने तेथून हलू नये आणि पूजा आटोपताच ती पुन्हा तिजोरीत जावी. मुलांनी हे दरवर्षी पाहिले, म्हणजे शस्त्र हे मिरविण्याचे खेळणे नव्हे, हे त्यांना निराळे शिकवावे लागणार नाही. सैन्यातून आलेल्या जवानाला ही शिस्त ठाऊक असतेच. तेथे बंदूक शस्त्रागारातून सही करून घ्यावी लागते आणि सही करून परत द्यावी लागते. तीच शिस्त त्याने घरी आणावी आणि यंदाच्या दसऱ्यापूर्वी आपल्या घरातील बंदूक कोठे आहे व तिची किल्ली कोणाकोणाला ठाऊक आहे, एवढे एकदा तपासून पाहावे.