खोगीर, रिकीब आणि वाहून गेलेल्या चिठ्ठ्या

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या ‘माझा छंद’ या कार्यक्रमातील भाषण)



‘घोडा नाही, पण खोगीर आहे, ते काका’ अशी माझी या सोसायटीत ओळख आहे. आमच्या हिच्या मते माझा सगळा संग्रह म्हणजे निव्वळ खोगीरभरती! तिचं अगदीच चूक नाही. खोगिरात जे कोंबून भरतात, ती खोगीरभरती. घोडे गेले, पण शब्द आपल्याकडे राहिले. लगाम, मांड, तोबरा हे रोज बोलतो. नालबंद, पागनीस ही आडनावं आपल्या ओळखीची आहेत.

मी जमवतो ते जुन्या घोडदळाचं जीन-सामान. रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी. तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा. दुमची, म्हणजे खोगीर पुढे सरकू नये म्हणून शेपटीखालून घेतलेला पट्टा. माझ्याकडे एक चामड्याची पिशवी आहे, तिच्यात स्वार जादा नाल आणि खिळे ठेवायचा. एका रिकिबीला बाहेरून छोटी वाटी जोडलेली आहे. अनेकांना ते नक्षीकाम वाटतं. पण भालाईत स्वार भाल्याचं खालचं टोक त्या वाटीत टेकवायचा.

या सामानामागे केवढी व्यवस्था होती बघा. शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारचा, तर शिलेदाराचा घोडा आणि हत्यारं स्वतःची. सभासदाच्या बखरीप्रमाणे पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. इंग्रजांनी पुढे ‘सिलेदार’ पद्धत म्हणून हीच कल्पना आपल्या रिसाल्यांत चालवली. पहिल्या महायुद्धानंतर ती बंद झाली. 1938 पासून रिसाले घोडे सोडून गाड्या-रणगाड्यांवर गेले आणि 1953 मध्ये उरलेसुरले घोडदळ एकत्र करून आजची 61 कॅव्हलरी उभी राहिली. मग हे सामान गेलं कुठे? बरंचसं भंगारात.

माझे गुरू म्हणजे कल्याण स्टेशनबाहेर उभे राहणारे एक म्हातारे टांगेवाले. त्यांनी सांगितलं, “साहेब, तंग आवळताना घोडा पोट फुगवतो. लबाड असतो. चार पावलं चालवा, मग परत आवळा. नाहीतर स्वार खाली!” हे त्या पट्ट्याकडे नुसतं बघून कळलं असतं का?

आता माझी चूक सांगतो. प्रत्येक वस्तूला मी एक चिठ्ठी बांधायचो. कुठे मिळाली, कोणी दिली, ती कशासाठी वापरत, सगळं शाईच्या पेनाने लिहिलेलं. घरात जागा नाही म्हणून ट्रंक खाली जिन्याखाली ठेवली होती. 26 जुलै 2005 ला काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. पाणी ओसरल्यावर ‘ए’ विंगच्या चार पोरांनी चिखलातून ती ट्रंक वर आणली. आज ती पोरं बापे झालीत, त्यांचे आभार इथे मानतो. मी घाईघाईने सगळं चामडं कडक उन्हात टाकलं. दोन दिवसांत ते पापडासारखं तडकलं. ओलं चामडं सावलीत, हळूहळू वाळवायचं असतं, हे नंतर शिकलो.

पण खरं नुकसान चामड्याचं नाही. पितळ वाचलं, लोखंड वाचलं, चिठ्ठ्या गेल्या. टांगेवाले तोवर वारले होते. त्यांनी दिलेली कडी आणि मी बाजारातून घेतलेली कडी, दोन्ही माझ्या टेबलावर आहेत. कुठली कोणती, मला आज सांगता येत नाही.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी दर दोन-तीन वर्षांनी जातो. केळकर काकांचं चष्म्यांचं दुकान होतं. त्यांनी दिवे, अडकित्ते, घरगुती वस्तू जमवल्या आणि गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय उभं केलं. घोडदळ आणि रणगाड्यांत रस असेल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय जरूर बघा.

आता आपली इमारत पुनर्विकासाला जायची चर्चा आहे. प्रत्येक घराचे माळे रिकामे होतील. माझी तीनच विनवण्या आहेत. जुनं पितळ घासून लखलखीत करू नका. त्यावरचे कारखान्याचे शिक्के, सरकारी बाणाची खूण झिजून जाते. चामडं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, बुरशी धरते. सुती कापडात ठेवा. आणि घरात आजी-आजोबा असतील तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी त्यांना विचारा, “हे काय आहे? कोण वापरायचं?” आणि लिहून ठेवा. पेन्सिलीने लिहा, शाई पाण्यात जाते.

मी बहात्तर वर्षांचा आहे. माझ्यानंतर हा संग्रह एखाद्या संग्रहालयाला द्यावा, असं मुलाला सांगून ठेवलंय. त्याआधी नव्या चिठ्ठ्या लिहायच्या आहेत. डोळे साथ देत नाहीत. सोसायटीतल्या दोन-तीन मुलांनी रविवारी तासभर यावं. मी सांगेन, त्यांनी लिहावं. चहा-पोहे आमच्या हिच्याकडून, तिला विचारलंय!